‘म्हणजे माझं दुखणं खोटं आहे का?’

खुर्चीत नीट बसायच्या आधीच बाईंनी पर्समधून घड्या घातलेला कागद काढून टेबलावर पसरला. ॲटोरवास्टॅटिन २० मिलिग्रॅम या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या, स्टॅटिन गटातल्या गोळीच्या पाकिटातलं माहितीपत्रक होतं ते. ‘स्नायूदुखी’ या शब्दाखाली पेनाने दोनदा रेघ मारलेली होती. वय ५४. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १७८ होतं म्हणून गोळी सुरू झाली आणि सहा आठवड्यांत ते १०२ वर आलं. पण तिसऱ्या दिवसापासूनच पोटऱ्या दुखायला लागल्या होत्या. बाईंनी गोळी स्वतःच बंद केली. दोन दिवसांत दुखणं गेलं आणि एलडीएल पुन्हा १७१. डॉक्टरांनी क्रिएटिन कायनेज (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एंझाइम), थायरॉइड, ड जीवनसत्त्व, सगळं तपासलं. काहीही निघालं नाही. तेव्हा ते म्हणाले, “मनाचं आहे, लक्ष देऊ नका.”

बाई आल्या त्या या वाक्यामुळे. “म्हणजे मी ढोंग करते? रात्री पाय चेपत बसते ते खोटं?”

नाही, खोटं नाही. आणि हे आधी स्पष्ट सांगितल्याशिवाय पुढचं काहीच ऐकू जात नाही, कारण ‘मनाचं’ म्हटलं की माणसाला ‘लबाडी’ एवढंच ऐकू येतं.

पोटरीतून निघालेला संदेश जसाच्या तसा मेंदूत पोचतो असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात मज्जारज्जूत, जिथे तो संदेश पहिल्यांदा पुढच्या पेशीकडे सोपवला जातो, तिथेच मेंदूकडून खाली येणारे मज्जातंतूही येऊन मिळतात. कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स आता काय होणार याचा अंदाज बांधतो, तो अंदाज मेंदूखोडातल्या केंद्रांपर्यंत जातो आणि ती केंद्रं खालून येणारा संदेश दाबतात किंवा वाढवतात. आराम पडणार अशी खात्री असेल तर शरीर स्वतःची अफूसारखी रसायनं, म्हणजे एंडॉर्फिन, सोडतं. १९७८ मध्ये अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर हे तपासलं गेलं. नुसत्या प्लासिबोने, म्हणजे आत औषधच नसलेल्या नकली उपचाराने, ज्यांना आराम पडला होता, त्यांना अफूजन्य औषधांचा परिणाम रोखणारं नालोक्सोन दिल्यावर त्यांचं दुखणं परत वाढलं. आराम मानण्यावर असता तर त्या औषधाला रोखायला काही उरलंच नसतं.

उलट्या दिशेला नोसिबो. त्रास होणार या धास्तीने वाट पाहिली की कोलेसिस्टोकायनिन नावाचं रसायन कामाला लागतं आणि वेदनेचा संदेश वाढवतं. इटलीतले संशोधक फाब्रिझिओ बेनेदेत्ती यांनी त्याला रोखणारं प्रोग्लुमाइड देऊन हे दाखवलं: ते औषध दिल्यावर धास्तीने वेदना वाढली नाही.

२०११ मधला एक प्रयोग बाईंना फार पटला. २२ निरोगी स्वयंसेवकांच्या पायाला उष्णतेची वेदना देत होते आणि शिरेतून रेमिफेंटॅनिल हे प्रभावी वेदनाशामक चालू होतं. “औषध चालू आहे” असं सांगितल्यावर त्याचा गुण दुप्पट झाला. “आता बंद केलं, दुखणं वाढेल” असं सांगितल्यावर तो जवळजवळ नाहीसा झाला, आणि औषध तर तेवढंच, त्याच वेगाने चालू होतं.

“पण बंद केल्यावर माझं थांबलं ना? त्याचं काय?”

हा प्रश्न रास्त आहे, आणि बहुतेकांचा सगळा विश्वास याच पुराव्यावर उभा असतो. त्याचं उत्तर ब्रिटनमधल्या सॅमसन चाचणीत आहे. स्टॅटिनचा त्रास होतो म्हणून गोळी सोडलेले ६० जण त्यात होते. प्रत्येकाला १२ बाटल्या दिल्या: चार स्टॅटिनच्या, चार प्लासिबोच्या, चार रिकाम्या. महिन्याला एक, क्रम ठरावीक नाही, आणि रोज ० ते १०० मध्ये त्रासाचा आकडा नोंदवायचा. रिकाम्या महिन्यांत सरासरी आकडा ८ आला, प्लासिबोच्या महिन्यांत १५.४ आणि स्टॅटिनच्या महिन्यांत १६.३. गोळी बंद केल्यावर आराम पडण्याचा वेगही प्लासिबो आणि स्टॅटिनला सारखाच होता. म्हणून ‘बंद केली आणि थांबलं’ एवढ्यावरून कारण गोळीतलं औषध की गोळी घेतल्याची जाणीव, हे ठरत नाही. २०२० मध्ये हे निकाल आले. त्या ६० पैकी निम्म्या जणांनी पुढे स्टॅटिन पुन्हा सुरू केलं.

पण बाईंचं दुखणं नोसिबोचंच आहे, असं या चाचणीवरून म्हणता येत नाही. खरी स्नायूबाधा थोड्या लोकांना होते. दोन्ही मांड्या, खांदे इतके अशक्त होणं की खुर्चीतून उठवत नाही, किंवा लघवी गडद तपकिरी होणं, असं झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. हे बाईंना दोनदा सांगितलं आणि कागदावर लिहूनही दिलं.

मग त्रासाची नोंद ठेवायची वही. डॉक्टरांच्या संमतीने ठरलं असं: आधी दोन आठवडे गोळीशिवाय नोंद, मग निम्म्या मात्रेने, म्हणजे १० मिलिग्रॅमने, चार आठवडे. रोज रात्री नऊ वाजता एकच आकडा, ० ते १००. शेजारी झोप किती तास झाली आणि त्या दिवशी चालणं, जिने किती झाले. मागचं पान पिनेने बंद करायचं, कारण कालचा आकडा दिसला की आजचा त्याच्या आसपास पडतो. या काळात माहितीपत्रक आणि इंटरनेटवर दुष्परिणाम शोधणं बंद.

पहिल्याच आठवड्यात गडबड झाली. बाई दिवसातून सहा-सात वेळा नोंद करत होत्या आणि दर वेळी अंगठ्याने पोटरी दाबून बघत होत्या. सारखं दाबलं तर कुठलाही स्नायू हुळहुळा होतो, शिवाय लक्ष तिथेच खिळतं. आठवडा रद्द करून पुन्हा सुरुवात केली: एक नोंद, आणि पोटरीला हात लावायचा नाही.

मनाच्या ताकदीला मर्यादा आहे, तीही सांगावी लागते. अपेक्षेने वेदना, मळमळ, थकवा हलतात. एलडीएल १७८ वरून १०२ वर येतं ते यकृतातल्या एंझाइमवर औषधाने केलेल्या कामामुळे. तिथे विश्वास ठेवून भागत नाही, आणि म्हणूनच ‘सकारात्मक राहा, गोळी नको’ हा सल्ला घातक आहे.

सहाव्या आठवड्याच्या शेवटी पिना काढल्या. गोळीशिवायच्या दोन आठवड्यांची सरासरी २२, गोळीच्या चार आठवड्यांची २५. सर्वांत मोठा आकडा ६०, तो गोळी नसतानाचा होता. त्याच्या शेजारी बाईंच्याच अक्षरात होतं: ‘झोप ४ तास, जिने ९ वेळा.’ त्या पानावर त्या बराच वेळ बोट ठेवून बसल्या. मग म्हणाल्या, “दुखलं मात्र खरंच होतं हं.”

“हो, खरंच दुखलं होतं.”

वही घेऊन त्या डॉक्टरांकडे गेल्या. १० मिलिग्रॅम चालू आहे. एलडीएलची तपासणी पुढच्या महिन्यात आहे, आणि मात्रा वाढवायची की नाही ते तो आकडा बघून ठरेल.