सिझेरियननंतर वहिनीचा ताप अँटिबायोटिकनेही जात नाहीये, काय असेल?

टाके, लघवी, दूध साठून दगड झालेली छाती, डेंग्यू-मलेरिया हे डॉक्टर आधी बघतातच, पण सलाईनमधून ३-५ दिवस अँटिबायोटिक देऊनही थंडी वाजून ताप चढतोय आणि मधल्या वेळात बाई चक्क ठीक दिसतेय तर ओटीपोटातल्या शिरेत इन्फेक्शन होऊन रक्ताची गुठळी झालीय का ते विचारा. हे रेअर आहे, पण सिझेरियननंतर जास्त दिसतं. बहुतेकदा उजव्या बीजाशयाची शीर असते, म्हणून उजवीकडे दुखलं की अपेंडिक्स वाटतं. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून निवांत होऊ नका, त्यात ही गुठळी नजरेतून सुटू शकते, कॉन्ट्रास्ट सीटी (शिरेतून औषध देऊन काढलेला स्कॅन) किंवा एमआरआय लागतो. उपचार अँटिबायोटिक चालू ठेवून सोबत हेपरिन (रक्त पातळ करणारं इंजेक्शन), त्यात बाळाला पाजता येतं. दम लागला, छातीत दुखलं किंवा एकच पाय सुजला तर मात्र सरळ कॅज्युअल्टी गाठा, ओपीडीची वाट बघू नका.