पीसी रडतखडत चालतोय, अँटीव्हायरस काढून टाकू का?

प्रश्न: नमस्कार ताई, माझं बार्शीत झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. पीसी जुना, ड्युअल कोअर, ४ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क, विंडोज १०. सकाळी चालू केला की चहा पिऊन होतो तरी ब्राउझर उघडलेला नसतो. एकाने सांगितलं अँटीव्हायरस जड आहे, म्हणून मी फुकटातला दुसरा हलका टाकला, पहिला पण आहेच, तर आता आधीपेक्षा बेकार हाल. सगळ्यात हलका कोणता? की सगळेच उडवून टाकू? – एक वाचक, बार्शी

उत्तर: उडवू नका हो, तुमच्या दुकानात तर अजिबात नाही. दिवसभर लोकांचे पेनड्राइव्ह तुमच्याच पीसीला लागतात, शॉर्टकट व्हायरस तुम्ही नक्की बघितला असणार, पेनड्राइव्ह उघडला की सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट झालेले, खऱ्या फाइली लपवलेल्या, गडबडीत त्यावर डबलक्लिक केलं की तो तुमच्या मशीनमध्ये घुसला आणि तिथून पुढच्या गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हमध्ये. मग शिव्या तुम्हाला.

पण दोन अँटीव्हायरस म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. कुठलीही फाइल उघडायला गेलं की अँटीव्हायरस तिला मध्येच अडवतो, तपासतो, मग सोडतो. दोन असले की तीच फाइल दोनदा अडते, वर दोघं एकमेकांच्या कामात लुडबुड करतात ते वेगळंच. माझं ऐकाल तर दोन्ही अनइन्स्टॉल करा आणि पीसी रिस्टार्ट करा, विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस, डिफेंडर, आपोआप चालू होतो, विंडोज सिक्युरिटी उघडून तेवढी खात्री करून घ्या. तुमच्या कामाला तो पुरतो.

आता खरा चोर पकडू. उद्या सकाळी पीसी हळू असतानाच कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात डिस्कचा रकाना बघा. मी पैजेवर सांगते, सीपीयू, म्हणजे पीसीचा मेंदू, निवांत असेल आणि डिस्क १०० टक्के. साध्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि वाचणारी सुई खरोखर इकडून तिकडे हलते, इकडच्या-तिकडच्या बारक्या फाइली ती सेकंदाला शंभरएक वेळा वाचू शकते, बस्स, आणि सकाळी विंडोज, ब्राउझर, अपडेट, अँटीव्हायरस सगळे एकदमच तिच्या मागे लागतात. एसएसडी, म्हणजे फिरता-हलता भाग नसलेली चिपवाली डिस्क, हेच काम सेकंदाला हजारो वेळा करते. त्यामुळे स्कॅनचा सीपीयूवरचा ताण कमी करायच्या ज्या युक्त्या लोक सांगतात (डिफेंडरचं ठरलेलं स्कॅन तसंही सरासरी ५० टक्के सीपीयूच्या मर्यादेत चालतं) त्याने तुम्हाला फारसा फरक पडणार नाही, उलट स्कॅन रेंगाळेल.

सगळ्यात हलका कोणता, हा प्रश्न मला दर महिन्याला येतो. ऑस्ट्रियातली एव्ही-कंपॅरेटिव्हज ही संस्था फाइल कॉपी करणं, झिप करणं, सॉफ्टवेअर टाकणं असली कामं करून कोण पीसी किती हळू करतो ते मोजते, पण त्यांचा 'साधा' पीसी म्हणजे आय-३ प्रोसेसर आणि एसएसडीवाला! तुमच्या डिस्कला तो निकाल कसा लागू करणार?

तर पैसे अँटीव्हायरसवर घालू नका, २५६ जीबीची साटा एसएसडी (साध्या हार्ड डिस्कच्याच जोडणीची) घ्या, जुन्या पीसीत ती आरामात बसते. रॅम नंतर. तोपर्यंत दुपारी जेवायला जाताना क्विक स्कॅन लावून जा, गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह उघडण्याआधी राइट क्लिक करून स्कॅन करा, आणि कोणी म्हणालं की सगळा सी ड्राइव्ह स्कॅनमधून वगळ म्हणजे फास्ट होईल, तर त्याला आधी चहा पाजून कटवा.

एक मात्र डोक्यात ठेवा, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. डिफेंडरची व्हायरसयादी ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहील असं मायक्रोसॉफ्टने सांगितलंय, पण विंडोजमधली भोकं त्याने बुजत नाहीत, त्यासाठी वाढीव सुरक्षा अपडेटला नाव नोंदवावं लागतं आणि घरगुती वापरासाठी तेही ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. तुमचा ड्युअल कोअर जुना आहे, विंडोज ११ त्याला घरात घेणार नाही बहुतेक. म्हणून लोकांचे आधार-पॅनचे स्कॅन त्या पीसीवर साठवत बसू नका, प्रिंट दिली की त्यांच्यासमोरच डिलीट करा, रिसायकल बिनमधूनसुद्धा.