‘ॲप्रिसिटी’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ काय? तो कुठे वापरावा?

हिवाळ्यात अंगाला लागणारी उन्हाची ऊब म्हणजे ॲप्रिसिटी. लॅटिनमध्ये ‘ॲप्रिकस’ म्हणजे उन्हानं उबदार झालेला, त्यावरून हा शब्द आला. हेन्री कॉकरमच्या १६२३च्या इंग्रजी कोशात तो आहे, पुढे मात्र जवळजवळ विसरलाच गेला.

पुण्यात डिसेंबरच्या सकाळी संभाजी बागेत एखादे आजोबा कानटोपी काढून बाकाच्या उन्हातल्या टोकाला सरकतात ना, त्यांना मिळते ती ही ऊब. एप्रिलच्या उन्हाला हा शब्द चालत नाही, हवेत गारठा हवाच. रोजच्या बोलण्यात किंवा ऑफिसच्या ईमेलमध्ये वापरू नका, समोरच्याला कळणार नाही. ललित लेखनात मात्र फार सुंदर दिसतो. याच कुळातलं ‘ॲप्रिकेट’ हे क्रियापद मला त्याहून आवडतं, कारण त्याला आपल्याकडे नेमका शब्दप्रयोग आहे: ऊन खात बसणे.