सासूबाई मराठी विसरून कन्नड बोलायला लागल्यात

प्रश्न: मी खानापूर तालुक्यातली. सासूबाई ७४ वर्षांच्या, माहेर बैलहोंगलकडचं, कन्नड. लग्नानंतर पन्नास वर्षं घरात मराठीच. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, सांगितला. आता पाणी हवं असलं की 'नीर कोड' म्हणतात, नातवंडांना कळत नाही, मग त्या चिडतात नाहीतर रडतात. मिस्टर म्हणतात मराठीतच बोलायचं, कन्नड बोलली की सुधारायचं. शेजारीण म्हणते दोन भाषांमुळंच डोकं बिघडलं. काय करू?

उत्तर: ताई, सुधारणं आजच बंद करा. आईंनी मुद्दाम मराठी सोडलेली नाही, समोरच्याला कुठली भाषा कळते हे ओळखून ती निवडायची ताकदच या आजारात कमी होते, आणि बऱ्याच जणांना लहानपणची भाषा जास्त दिवस साथ देते. 'नीर कोड' म्हटलं की आधी पाणी द्या, मग सहज 'हे घ्या पाणी' म्हणा, एवढंच. नातवंडांना पंधरा-वीस कन्नड शब्द शिकवा ना, बेळगाव भागातल्या पोरांना त्यात काय अवघड आहे!

शेजारणीचं म्हणणं चूक आहे. तेव्हा हैदराबादच्या निम्स या हॉस्पिटलात असलेल्या डॉ. सुवर्णा अल्लादी यांच्या टीमनं ६४८ पेशंटचा अभ्यास २०१३ मध्ये मांडला, त्यात एकापेक्षा जास्त भाषा बोलणाऱ्यांत आजार साधारण साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला दिसला, शाळेत न गेलेल्यांतसुद्धा.

स्पीच थेरपिस्टकडे न्याल तेव्हा दोन्ही भाषांत तपासायला सांगा, हे मी मुद्दाम सांगते, कारण फक्त मराठीत तपासलं तर आईंना येतंय त्यापेक्षा कमी येतं असं वाटेल. कन्नड बोलणारं कुणीतरी सोबत न्या, माहेरचं असेल तर फारच छान. घरी रोज लागणाऱ्या गोष्टींपासून सुरू करा, तूप-तुप्प, खुर्ची-कुर्ची, अक्का, असे दोन्हीकडं सारखे शब्द आधी घ्या, एका भाषेतला सराव दुसरीला उपयोगी पडायचा चान्स तिथं जास्त असतो. 'हे काय सांगा बघू' अशी परीक्षा नको, वस्तू हातात द्या आणि शब्द तुम्हीच म्हणा. माहेरच्या फोटोंचा अल्बम करा, यल्लम्माची गाणी लावा. आजार यानं थांबणार नाही, पण मागणं सांगता आलं की चिडचिड कमी होते. कान आणि चष्मा पण तपासून घ्या.

आणि बोलणं एकदम, तासाभरात बदललं, तोंड वाकडं झालं किंवा हातातली ताकद गेली तर ते वेगळं, लकवा असू शकतो, तेव्हा थेट दवाखाना गाठा.