अथेन्सचं घुबड असलेलं चांदीचं नाणं खरं की नकली, घरी कसं ओळखावं?

आधी वजन. इ.स.पू. पाचव्या शतकातलं हे टेट्राड्राक्म, म्हणजे चार ड्राक्मांचं ग्रीक नाणं, सुमारे १७.२ ग्रॅम भरतं. १५ ग्रॅम भरलं तर बहुधा आत तांबं, वर चांदीचा पत्रा. ही लबाडी प्राचीन काळीही चालायची, म्हणूनच खऱ्या नाण्यांवरही पारखणाऱ्यांनी मारलेला छिन्नीचा घाव दिसतो. त्याला घाबरू नका.

मग घनता. ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्य करा. नाणं बारीक दोऱ्याने पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका. आकडा, म्हणजे नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन, १.६५ ग्रॅमच्या आसपास यायला हवा; नाण्याच्या वजनाला त्याने भागलं की घनता मिळते. नाण्याला हवेचे बुडबुडे चिकटले तर तो वाढतो.

कड दहापट भिंगाखाली फिरवून बघा. ओतीव नकलेला तिथे साच्याच्या जोडाची शिवण असते, किंवा ती घासल्याच्या समांतर रेघा. घुबडाच्या पिसांच्या खाचांत बारीक गोल खड्डे दिसतात, अक्षरांच्या कडा बोथट असतात. ठोकून पाडलेल्या नाण्याच्या कडेला चिरा असणं मात्र स्वाभाविक.

खरी अडचण नव्या ठशांनी चांदीवर ठोकलेल्या नकलांची. त्या वजन-घनतेत पास होतात. म्हणून जुन्या लिलावांचे फोटो ताडून पाहा. दोन नाण्यांचा ठसा एक असू शकतो, पण बाह्याकार आणि ओरखडेही तेच असतील तर निदान एक तरी खोटंच.