भिजलेल्या सीट उन्हात वाळवून आणि जड इंजिन हॅचला (इंजिनवरच्या झाकणाला) जास्त ताकदीचे गॅस स्ट्रट, म्हणजे झाकण उचलून धरणारे गॅसचे दांडे, लावून भागेल का?

तुम्ही लिहिलंय की १९ फुटी सेकंडहँड पेट्रोल बोट घेतलीय, सीटवर बसलं की पँट ओली होते आणि इंजिनवरचं हॅच उचलायला दोन माणसं लागतात. उन्हानं आणि नव्या स्ट्रटनं हे भागणार नाही. मी अलिबागजवळ अशीच जुनी बोट सांभाळतो आणि स्ट्रटचा प्रयोग आधी करून बसलोय.

एका मेकॅनिकच्या सल्ल्यानं मी जास्त न्यूटनचे स्ट्रट लावले. तिसऱ्याच दिवशी ब्रॅकेट स्क्रूसकट उपटून आलं. स्क्रूच्या आट्यांत काळं, चहाच्या चोथ्यासारखं झालेलं प्लायवूड अडकलं होतं आणि रिकाम्या भोकातून पाणी ठिबकत होतं. हॅच काढून बंदरावर मासळी तोलायच्या वजनकाट्यावर ठेवलं, तर ४३ किलो! फायबरच्या दोन थरांमधलं प्लाय बिजागरीच्या भोकांतून वर्षानुवर्षं पाणी पीत आलं होतं.

तुम्ही आधी नाण्यानं हॅचभर ठोकून बघा. चांगल्या जागी टणक आवाज येतो, कुजलेल्या जागी बद्द. हॅच सोडवून किनाऱ्यावर आणा. पेट्रोलच्या वाफा असतात त्या इंजिनखोलीवर ग्राइंडर कधीही चालवू नका. मग ते उलटं, सपाट टेबलावर ठेवा आणि खालचा थर कापून काढा. वरच्या चकचकीत जेलकोटला हात लावायचा नाही, म्हणजे बाहेरून दुरुस्ती दिसतही नाही. कुजलेलं सगळं खरवडून काढा, उरलेलं फायबर पूर्ण वाळू द्या. घाई इथेच नडते, ओल्यावर रेझिन धरत नाही. पावसाळ्यात बोट किनाऱ्यावर ओढलेली असते तेव्हा कापाकापी उरका, रेझिनचं काम मात्र ऑक्टोबरनंतरच करा.

आत मी प्लायऐवजी पीव्हीसी फोमची शीट घातली. प्लायच हवं असेल तर आयएस ७१० शिक्क्याचं मरीन प्लाय घ्या. जोडायला इपॉक्सी रेझिन, आणि त्याच्याबरोबर विणलेलं फायबरग्लासचं कापड. साध्या चॉप्ड मॅटचा (फायबरग्लासच्या तुकड्यांच्या चटईचा) बाइंडर, म्हणजे तुकडे धरून ठेवणारा डिंक, पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीननं विरघळतो, इपॉक्सीत ती मॅट नीट भिजत नाही. बिजागरी आणि स्ट्रटच्या जागी स्क्रूपेक्षा मोठं भोक पाडा, ते घट्ट इपॉक्सीनं भरा आणि वाळल्यावर त्यातच स्क्रूचं भोक पाडा. स्क्रूवाटे पाणी आलंच, तरी ते गाभ्यापर्यंत पोचत नाही. हॅचच्या खालच्या बाजूचा, इंजिनाचा आवाज अडवणारा फोमही फाटला असेल तर फेका, तो पाणी आणि तेल दोन्ही शोषतो.

आता सीट. ६० बाय ४५ सेंटिमीटरची, १० सेंटिमीटर जाड गादी म्हणजे २७ लिटर जागा. ४० डेन्सिटीचा (घनमीटरला ४० किलो) कोरडा फोम जेमतेम किलोभर भरतो. भिजला की त्यात वीस किलो पाणी सहज बसतं. समुद्राचं पाणी असेल तर उन्हाचा उपयोग नाही, आत उरलेलं मीठ हवेतला दमटपणा परत ओढून घेतं. माझ्या गाद्या चार दिवस उन्हात होत्या, पहिल्या दमट रात्रीनंतर पुन्हा ओलसर आणि कुबट. फोम बदलाच. पाणी आरपार जाऊ देणारा जाळीदार फोम मिळाला तर उत्तम. खालच्या फळीला निचऱ्याची भोकं पाडून त्यांच्या कडा इपॉक्सीनं बंद करा. पिना ३१६ स्टेनलेसच्या वापरा, साध्या पिना गंजल्या की रेक्झीन सुटतं. सीट शिवणाऱ्याला दोरा पॉलिएस्टरचा घ्यायला सांगा आणि शिवण बसायच्या पृष्ठभागावर नको, बाजूला हवी. पाणी मुख्यतः सुईच्या भोकांतूनच शिरतं.

स्ट्रट सगळ्यात शेवटी, हॅचचं नवं वजन करून मगच निवडा. माझं २२ किलो भरलं. गेले समजून काढून ठेवलेले जुनेच स्ट्रट परत लावले, आता हॅच एका हातानं उघडतं.