अवेट लावूनही पान सावकाश का येतं?

तुमचा प्रश्न असा: जावास्क्रिप्टमध्ये पाच होमस्टेंचे दर पाच सर्व्हरांवरून आणायचे, प्रत्येकाला पाऊण सेकंद. सगळीकडे अवेट (उत्तर येईपर्यंत थांब, असं कोडला सांगणारा शब्द) लावलं, तरी पान यायला जवळजवळ चार सेकंद. आणि फॉरईच (यादीतल्या प्रत्येकासाठी तेच काम चालवणारं) वापरलं तर दरांची यादी रिकामी.

शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात चला. दळण २० मिनिटं, छत्रीची काडी बसवायला ३०, इसवण कापून घ्यायला १५. तुमचा कोड गिरणीत डबा देतो आणि पीठ पडताना बघत, भुवया पांढऱ्या होईपर्यंत तिथेच उभा राहतो. पीठ हातात आलं की मग छत्रीवाला, मग मासळी. ६५ मिनिटं! म्हापशाची कुठलीही आजी डब्यावर खडूने आडनाव लिहून पुढे सटकते आणि ३० मिनिटांत मोकळी होते.

खडूने आडनाव लिहिलेला तो डबा म्हणजे प्रॉमिस, उत्तर नंतर मिळेल याची खूण. ते जावास्क्रिप्टमध्ये २०१५ साली आलं, असिंक-अवेट २०१७ साली. अवेटमुळे कोड सरळ खाली वाचत जाता येतो, मला ते फार आवडतं. पण अवेट काम पळवत नाही, ते त्या ओळीवर वाट बघतं. म्हणून लूपमधलं (एकेक दर आणणाऱ्या फेऱ्यांमधलं) अवेट काढा, मॅप (प्रत्येकासाठी काम चालवून प्रॉमिसांची यादी हातात देणारं) वापरून पाचही मागण्या आधी सोडा आणि मग एकदाच प्रॉमिस.ऑलवर, म्हणजे सगळ्या प्रॉमिसांच्या गठ्ठ्यावर, अवेट करा. कोणाचं उत्तर आधी आलं तरी निकाल तुम्ही दिलेल्या क्रमानेच मिळतात.

फॉरईच तर परत आलेलं प्रॉमिस हातातच घेत नाही. तिन्ही कामं टाकली आणि थेट कदंबाची बस पकडली. घरी पिशवी रिकामीच पोचणार.

एक मात्र सांभाळा. प्रॉमिस.ऑलमध्ये एक सर्व्हर कोसळला की बाकी चौघांचे दरही तुमच्या हाती लागत नाहीत. तुमच्या पानाला ऑलसेटल्डच (जमलं असो वा फसलं, प्रत्येकाचा निकाल वेगळा देणारं) हवं, ते २०२० पासून भाषेत आहे.

आणि आलेल्या दरांवर मोठं गणित तिथेच करत बसलात, तर ते स्वतः जात्यावर दळायला बसण्यासारखं. जावास्क्रिप्टचा मुख्य धागा एकच, एका वेळी एकच काम करणारा. पोदेराचा (पाववाल्याचा) भोंपू फाटकावर वाजतोय, पण दळण संपेपर्यंत उठता येत नाही, आणि तो बिचारा सायकल धरून ताटकळतो. तेवढं गणित वर्करकडे, म्हणजे वेगळ्या धाग्याकडे, द्या.